एका शब्दाची विचारपूस

इंग्रजीत ‘प्रिकेरिअस’ म्हणून एक शब्द आहे. इंग्रजी-मराठी कोश उघडला की त्यापुढे असुरक्षित, अनिश्चित, डळमळीत, बेभरवशाचा असे चार-पाच प्रतिशब्द दिसतात. शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभा राहून भिंत रंगवणारा माणूस प्रिकेरिअस, आणि मृगाच्या एका सरीवर विसंबून पेरलेलं सोयाबीनही प्रिकेरिअस. कुणी वापरलं तर चूक म्हणता येणार नाही. पण गेले दोन-तीन महिने मी या शब्दाच्या मागे लागलो आहे आणि आता माझी खात्री झाली आहे की या चार-पाच प्रतिशब्दांत त्याचा गाभा निसटून गेलेला आहे. जन्मभर मराठी शिकवलेल्या मास्तराने म्हातारपणी इंग्रजी शब्दाच्या मागे का लागावं, ते पुढे येईलच.

ही तक्रार माझ्या एकट्याची नाही बरं का मंडळी! इंग्रजीचे थोर कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांचा कोश १७५५ साली निघाला. कोशकाराने चिडू नये असा संकेत आहे, पण या शब्दापाशी येऊन ते चिडले. लोक कोणत्याही अनिश्चित गोष्टीला हा शब्द लावतात, खरं तर जी गोष्ट दुसऱ्याच्या इच्छेवर अवलंबून आहे आणि म्हणून अनिश्चित आहे, तिलाच तो लावला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे पाऊस पडेल की नाही हे नुसतं अनिश्चित. मालक उद्या कामावर ठेवील की नाही, हे प्रिकेरिअस. जॉन्सनसाहेबांचं कुणी ऐकलं नाही. भाषा अशा रागावण्याने थांबत नसते. पण त्यांनी दाखवलेला फरक मला फार मोलाचा वाटला.

हा फरक लॅटिनमधून आलेला. ‘प्रेकारी’ म्हणजे विनवणी करणे, याचना करणे. त्यावरून ‘प्रेकारियुस’, म्हणजे विनवणी करून मिळालेलं. इंग्रजी ‘प्रेअर’, आपली प्रार्थना, त्याच घरातली. रोमन कायद्यात ‘प्रेकारियम’ नावाचा एक प्रकारच होता. एखाद्याने विनंती केली म्हणून त्याला जमीन किंवा वस्तू वापरायला द्यायची. त्याला ना भाडं, ना मुदत. देणाऱ्याची इच्छा आहे तोवर वापरा, इच्छा फिरली की परत. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीच्या उल्पियन या कायदेपंडिताने त्याची अशीच व्याख्या केली आहे. यातली एक गोष्ट वाचून मी थबकलो. अशा जमिनीवरून तिऱ्हाइताने हुसकलं तर कायदा वापरणाऱ्याच्या बाजूने उभा राहायचा. पण ज्याने दिली त्यानेच हुसकलं, तर दाद मागायला जागा नव्हती.

थोडं विषयांतर करतो. ‘सिक्युअर’ हा शब्दही लॅटिनच. ‘से’ म्हणजे विना आणि ‘कूरा’ म्हणजे काळजी. विनाकाळजी. आपल्या ‘निश्चिंत’ची बांधणी तंतोतंत तशी, निस् आणि चिंता. आपण मात्र सिक्युअरला प्रतिशब्द केला ‘सुरक्षित’, म्हणजे नीट राखलेला. दोन्हींत अंतर आहे. दाराला कुलूप, बाहेर पहारेकरी, तरी आत झोप नाही, असा माणूस सुरक्षित आहे पण निश्चिंत नाही. उलट आमच्या लहानपणी लातुरात उन्हाळ्यात सगळी गल्ली अंगणात बाजा टाकून झोपायची, दारं उघडी. ती माणसं निश्चिंत होती. (१९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर लोक पुन्हा अंगणात झोपू लागले, पण ते भीतीने. ती गोष्ट वेगळी.) असो.

आता खरी गंमत. लॅटिन ‘प्रेकारी’चं मूळ आणि आपल्या संस्कृतातल्या ‘प्रच्छ्’ धातूचं मूळ एकच, असं भाषाशास्त्र सांगतं. प्रच्छ् म्हणजे विचारणे. पृच्छा, प्रश्न हे त्यातूनच आले. जर्मन ‘फ्रागेन’ आणि फारसी ‘पुर्सीदन’ हेही त्याच कुळातले. ‘पृच्छति’चं प्राकृतात ‘पुच्छइ’ झालं, हिंदीत ‘पूछना’ आणि आपल्याकडे ‘पुसणे’. फळा पुसणे यातलं पुसणे निराळं, त्याचा धातू दुसरा. हे पुसणे म्हणजे विचारणे. शहरी मराठीतून ते जवळजवळ गेलं, पण ‘विचारपूस’ या जोडशब्दाच्या शेपटाशी अजून टिकून आहे. आमच्या कंधार-मुखेडकडे तर रोजच्या बोलण्यात आहे. म्हातारी माणसं म्हणतात, “आता आमाला कोन पुसतंय?” माझे वडील निजामाच्या राज्यात वस्तानियापर्यंत उर्दूतून शिकलेले. ते वैतागले की म्हणायचे, “कोई पुरसाने-हाल नहीं!” हाल विचारणारा कुणी नाही. तोही शब्द याच घरातला.

म्हणजे बघा, एकच मूळ. त्यातून रोममध्ये विनवणी झाली आणि आपल्याकडे विचारपूस. एकात खालचा माणूस वरच्याला मागतो, दुसऱ्यात कुणीतरी आपण होऊन आपल्याला विचारतो. ज्याला रोज मागावं लागतं त्याला सहसा कुणी पुसत नाही, हे मला कोशाने नाही, आमच्या घराने शिकवलं.

माझे आजोबा कंधार तालुक्यात कूळ होते. जमीन एका मोठ्या वाड्याची. नाव सांगत नाही, त्यांची नातवंडं आज आमच्याशी चांगली वागतात. करार तोंडी, बटईने, म्हणजे निम्मा माल वाड्यावर. दर पाडव्याला आजोबा नारळ घेऊन वाड्यावर जायचे आणि पायरीखाली उभे राहून म्हणायचे, “औंदा बी राहू द्या मालक.” मालक हो म्हणायचे. एवढाच सातबारा. वीसेक वर्षं असं चाललं. मालक वाईट नव्हते, असं आजी सांगायची. मला ते खरं वाटतं. पण मालक चांगले असणं हीच जर एकमेव हमी असेल, तर तिला हमी म्हणता येत नाही. आणि रोमन माणसाला प्रेकारियम फुकट तरी मिळत होतं, आमच्या आजोबांना अर्धं पीक देऊन वर विनंती करावी लागत होती.

१९४८ च्या १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. १९४९ साली जहागिऱ्या गेल्या. आणि १० जून १९५० ला हैदराबादचा कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. त्या कायद्याने आमच्या भागाला एक शब्द दिला, ‘संरक्षित कूळ’. ठरलेल्या काळात सलग सहा वर्षं जमीन कसलेल्या कुळाला मालकाने मनात आलं म्हणून काढायचं नाही. मराठवाड्याच्या जमिनीच्या कागदांत हा शब्द अजून भेटतो. आमच्या घरात तो आला आणि गेलाही.

कारण चारेक वर्षांतच आजोबांनी जमीन सोडली. कागदावर ‘स्वखुशीने’ असं लिहिलेलं आणि खाली अंगठा. वडील तेव्हा विशीत होते. ते फार चिडले, कायदा आपल्या बाजूने आहे म्हणाले. आजोबा म्हणाले, “वीस साल ज्याच्या म्होरं हात जोडले, त्याला न्हाई कसं म्हनू?” हे वाक्य आमच्या घरात पुढे पन्नास वर्षं फिरत राहिलं. वडील ते रागाने सांगायचे, आजी कौतुकाने. मी दोघांचंही ऐकत मोठा झालो आणि मला वाटतं, दोघांनाही ते वाक्य नीट कळलेलं नव्हतं. आजोबा भित्रे नव्हते आणि संतही नव्हते. वर्षानुवर्षं मागून मिळवलेली गोष्ट हक्काची झाली असं कायदा एका दिवसात सांगतो, पण मागणाऱ्याच्या अंगातलं मागणं एका दिवसात जात नाही.

हे आमच्या एकट्या घराचं नव्हतं. अर्थशास्त्रज्ञ ए. एम. खुसरो यांनी हैदराबाद राज्यातल्या या जमीनसुधारणांचा अभ्यास केला, तो १९५८ साली प्रसिद्ध झाला. संरक्षित कुळांपैकी चार वर्षांनी निम्म्याहून कमीच त्या नात्याने जमिनीवर उरले होते. काहींनी जमीन विकत घेतली, पुष्कळांना बेकायदा हुसकलं गेलं आणि बऱ्याच जणांनी ‘स्वखुशीने’ सोडली. ती स्वखुशी कशी असते ते मला माहीत आहे.

वडील लातूरला आले आणि एका आडतीवर दिवाणजी म्हणून लागले. लातूरची आडत म्हणजे मोठा पसारा. तिथल्या हमालांना दिवसाच्या पोत्यांवर पैसे. ‘हातावर पोट’ हा वाक्प्रचार मी पुस्तकात वाचण्याआधी तिथे पाहिला. वडिलांना महिना पगार होता, पण दिवाळीला वह्या बदलल्या की दिवाणजीही बदलू शकतो ही धास्ती असे. गंमत बघा, ‘धास्ती’ हाही मूळचा अरबी ‘दहशत’. आपल्या भाषेत भीतीचे शब्द किती लांबून आलेत!

म्हणून वडिलांनी माझ्यासाठी एकच स्वप्न पाहिलं, पर्मनंट नोकरी. हा शब्द आमच्या मराठवाड्यात इतका मुरला आहे की त्याला इंग्रजी म्हणायचं कारण नाही. मुलगी दाखवायच्या आधी विचारतात, “पोरगा पर्मनंट हाय का?” त्याच्या उलट कच्ची नोकरी. बी.ए., बी.एड. करून मी १९७३ च्या जूनमध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या लातूर जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत लागलो. कच्चा. दरवर्षी ३० एप्रिलला हातात कागद यायचा की आपणास कार्यमुक्त करण्यात येत आहे. मुक्तीचा असा उपयोग ज्ञानोबा-तुकोबांना सुचला नसता! मे महिना बिनपगारी, जूनमध्ये पुन्हा अर्ज. ‘मे. मुख्याध्यापक साहेब यांचे सेवेशी’ अशी सुरुवात आणि ‘ही नम्र विनंती’ असा शेवट. चार वर्षं हे केलं. पाचव्या वर्षी नांदेड जिल्ह्यातल्या दुसऱ्या शाळेत रीतसर जागेवर लागलो आणि सुटलो. त्याच सुमारास खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा झाला, तो १९८१ पासून अमलात आला. रिकाम्या कायम जागेवर नेमलेल्याने दोन वर्षं परिवीक्षा पुरी केली की तो कायम. माझ्या पिढीच्या शिक्षकाला पाडव्याचा नारळ घेऊन उभं राहावं लागलं नाही, ते या कायद्यामुळे. त्यावर मी घर बांधलं, मुलांना शिकवलं, आज पेन्शन खातो.

आणि पुढची तीस वर्षं मी वर्गात काय शिकवलं? अर्जलेखन! दहावीच्या मुलांना डाव्या बाजूला पत्ता, मग विषय, मग महोदय, आणि शेवटी नम्र विनंती. ‘अर्ज’ हा अरबी शब्द, पुढे ठेवणे अशा अर्थाचा. त्याला फारसी ‘दार’ जोडला की अर्जदार. जमीनदाराकडे जमीन असते, दुकानदाराकडे दुकान. अर्जदाराकडे अर्ज असतो.

आता ज्या कारणाने हे सगळं सुरू झालं ते सांगतो. माझी भाची नांदेडच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. नेट झालेली, पीएच.डी. झालेली. नेमणूक ‘तासिका तत्त्वावर’. जितके तास घेतले तितके पैसे. परीक्षेच्या सुट्टीत तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. वर्ष संपलं की नेमणूक संपली, पुढच्या वर्षी पुन्हा जाहिरात, पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, बऱ्याचदा त्याच माणसांसमोर. अकरा वर्षं झाली. तिने असंघटित श्रमिकांच्या इतिहासावर एक लेख लिहायला घेतला होता. त्यात गाय स्टँडिंग या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाच्या २०११ मधल्या पुस्तकातला ‘प्रिकेरिअट’ हा शब्द आला. प्रिकेरिअस आणि प्रोलेटेरिअट यांचा जोड, म्हणजे ज्यांच्या कामाची शाश्वती नाही असा सगळा वर्ग. तिने मला फोन केला, “मामा, प्रिकेरिअसला नेमका मराठी शब्द द्या. ‘असुरक्षित’ नको, तो हेल्मेटच्या पाटीवरचा वाटतो.”

आठ दिवसांनी ती घरी आली तेव्हा मी तिला लॅटिन अर्थ सांगितला. विनवणी करून मिळालेलं, आणि देणाऱ्याची इच्छा असेतोवरच आपलं. ती काही बोलली नाही. चहा निवला. मग म्हणाली, “मामा, यंदाचा माझा बारावा अर्ज आहे. मी जुन्या फाइलची तारीख बदलते फक्त.” थोड्या वेळाने म्हणाली, “आणि खरं सांगू? मीटिंगमध्ये कुणी चुकीचं बोललं तरी मी आता गप्प बसते.” तिच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हे ऐकलं असतं तर त्यांना त्यांचे वडील आठवले असते. पगार कमी हे दुखणं मोठंच आहे, त्याची बेरीज तरी करता येते. गप्प बसण्याची बेरीज कुठल्याच मस्टरवर होत नाही. इतिहासाच्या शिक्षकाने गप्प बसायला शिकणं हे तर फारच वाईट.

हे अचानक झालेलं नाही. २००० साली आपल्या राज्यात ‘शिक्षणसेवक’ आले. तीन वर्षं मानधनावर, प्राथमिकला सुरुवातीला महिना ३००० रुपये. ते वाढत वाढत २०२३ मध्ये १६,००० झालं. ‘सेवक’ आणि ‘मानधन’ हे दोन्ही शब्द बघा. पगाराला मानधन म्हटलं की तो मागायचा कसा? दुसरीकडे ‘कायम विनाअनुदानित’ शाळा निघाल्या. ‘कायम’ म्हणजे मूळ अरबीत उभा असलेला, टिकून असलेला. आमच्या पिढीने ज्या शब्दासाठी जन्म काढला, तो शेवटी सरकारने अनुदान न देण्याला लावला! शिक्षक बेभरवशाचा, विनाअनुदान मात्र कायम. या शाळांच्या शिक्षकांनी तो एक शब्द काढून टाकावा म्हणून वर्षानुवर्षं आंदोलनं केली. २००९ साली शाळांच्या बाबतीत तो वगळला गेला. २०१६ मध्ये वीस टक्के अनुदानाची सुरुवात झाली. तोवर कित्येक जण सुट्टीत रसवंतीवर, पेट्रोल पंपावर काम करून संसार ओढत होते. त्यांतले काही माझे विद्यार्थी आहेत. भेटले की अजून पाया पडतात, आणि मला अवघडल्यासारखं होतं.

मागणं वाईट असतं असं मात्र मला म्हणायचं नाही. १९७२ च्या दुष्काळात मी औरंगाबादला शिकत होतो. सुट्टीत गावी आलो की रस्त्याच्या कामांवर खडी फोडणारी ओळखीची माणसं दिसायची, त्यांत जमीनवाले कुणबीही होते. दुपारी सुकडी मिळे. त्याच काळात वि. स. पागे यांनी उभ्या केलेल्या रोजगार हमी योजनेने जोर धरला. तिचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. त्या योजनेचं वाक्य होतं ‘मागेल त्याला काम’. यातही मागणंच आहे. पण इथे मागणाऱ्याच्या मागे कायदा उभा आहे, देणाऱ्याला नाही म्हणायची मुभा नाही. मुकादमाने नाव लिहिलं नाही, मजुरी अडकली, हे सगळं झालंच, मी पाहिलं आहे. तरी एका म्हातारीला तहसीलच्या माणसाशी “काम द्या, न्हाई तर भत्ता द्या” असं मोठ्याने बोलतानाही मी पाहिलं आहे. माझ्या आजोबांच्या पायरीखालच्या आवाजाहून तो आवाज निराळा होता.

उलट आमच्याच बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी जोडपी बघा. मुकादमाकडून आधी ‘उचल’ घ्यायची आणि मग ती फिटेपर्यंत तोडायचं. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. माणसाची मोजणी हत्याराने होते. तिथे कुणी अर्ज करत नाही, पण प्रिकेरिअस म्हणजे काय ते तिथल्याइतकं उघडं मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

तर भाचीसाठी शब्द. कृ. पां. कुलकर्णींचा १९४६ चा व्युत्पत्तिकोश आणि दाते-कर्व्यांचे खंड घेऊन बसलो. ‘हंगामी’ जवळचा, पण त्यात हंगाम आहे, मर्जी नाही. ‘निराधार’ सरकारी अनुदानाच्या योजनेने व्यापला. ‘पराधीन’ अर्थाने अगदी बरोबर, पण तो उच्चारला की मराठी माणसाच्या कानात गीतरामायण सुरू होतं आणि सगळा दोष दैवावर जातो. इथे दोष दैवाचा नाही. शेवटी मी ‘मर्जीवरचं’ सुचवलं. मर्जीवरची नोकरी, मर्जीवरची जमीन. तिला आवडला, पण लेखात जरा बोलका वाटेल म्हणाली.

मग मुखेडच्या थोरल्या चुलतभावाला फोन लावला. ते ऐंशीच्या पुढे आहेत, शाळा चौथीपर्यंत. त्यांना अर्थ समजावून सांगितला. ते म्हणाले, “त्याला कशाला रं शब्द हुडकायलास? मालकाच्या मनावर हाय, असं म्हनतेत की आपल्याकडं.” मनावर. कितीदा ऐकला असेल हा शब्द, आणि मी कोश चाळत बसलो होतो. भाचीला लगेच कळवला आहे.

आडतीत, ऊसतोडीत, विटभट्टीवर यासाठी आणखी कुठले शब्द चालतात, ते अहमदपूर-उदगीर-देगलूरकडच्या मंडळींनी जरूर सांगावं.